अंगठ्याची प्रत मशीनमध्ये उरते का, तेही तपासा

प्रति,
मा. महासंचालक,
एसटीक्यूसी संचालनालय,
इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय,
नवी दिल्ली



मध्य प्रदेश सरकारच्या ‘लाडली बहना’ योजनेचा हप्ता खात्यावर पडला की खकनारच्या कियोस्कवर बायांची गर्दी होते. पासबुक, चेक, एटीएम कार्ड, पिन यांतले काहीच लागत नाही. आधार क्रमांक सांगायचा, बँकेचे नाव सांगायचे आणि अंगठा टेकवायचा. कियोस्कवाल्याच्या मोबाइलला केबलने जोडलेला मुठीएवढा स्कॅनर अंगठ्याचे चित्र घेतो आणि पैसे हातात पडतात. बऱ्हाणपूर जिल्ह्याचा हा भाग महाराष्ट्राच्या हद्दीजवळचा. कोरकू, भिलाला, बारेला आणि मराठी बोलणारी घरे इथे शेजारी-शेजारी नांदतात. कापूस वेचणारे, केळीच्या बागांत राबणारे हात हे. अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या खेपेला जुळणी होईलच असे नाही. बोट फडक्याला पुसायचे, पुन्हा टेकवायचे. तरी नाही जमले तर दुसरे बोट. प्रत्येक खेपेला स्कॅनर नवे चित्र घेतो.

त्या प्रत्येक चित्राचे पुढे काय होते, याबद्दल हे पत्र आहे.

आधारसाठी वापरल्या जाणाऱ्या स्कॅनरना आपल्या संचालनालयाचे प्रमाणपत्र लागते. २०१७ पासून ‘नोंदणीकृत उपकरण’ ही व्यवस्था आली आणि तिने मोठी गळती बंद केली. पूर्वी स्कॅनर बोटाचे उघडे चित्र थेट अ‍ॅपच्या हाती देत असे. आता उपकरणाची स्वतःची ओळख असते, चित्रावर उपकरणाची सही होते आणि एन्क्रिप्ट झालेले पुडकेच अ‍ॅपला मिळते. ‘एल-झिरो’ पातळीच्या उपकरणात हे काम मोबाइलवर किंवा संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर करते, ‘एल-वन’मध्ये ते सुरक्षित हार्डवेअरच्या आत होते. आधार प्राधिकरणाने ‘एल-वन’चा आग्रह धरला, हे योग्यच झाले.

पण एन्क्रिप्ट होण्याआधी ते चित्र कुठेतरी उघडेच असते. त्याशिवाय काम होऊच शकत नाही. स्कॅनरने ५०० डीपीआयचे चित्र टिपले, त्यातून रेषांच्या टोकांचे आणि फाट्यांचे बिंदू काढले, ते बेस-६४ मजकुरात बदलले, तो मजकूर ‘पिड ब्लॉक’ नावाच्या एक्सएमएलमध्ये बसवला आणि मग कुठे त्यावर एईएस हे एन्क्रिप्शन चालले. म्हणजे एका अंगठ्याची मेमरीत ओळीने चार उघडी रूपे तयार झाली, त्यांच्या जोडीला एईएसची किल्लीही आली. व्यवहार संपताच ही सगळी जागा पुसली जावी, अशी अपेक्षा आहे. अपेक्षा नव्हे, कायदाच आहे. २०१६च्या आधार प्रमाणीकरण नियमावलीत आणि नंतर २०२१ साली आलेल्या नियमावलीतही सांगितले आहे की, प्रमाणीकरण करणाऱ्या संस्थेने मूळ बायोमेट्रिक माहिती साठवायची नाही आणि तिची कोणतीही प्रत स्वतःकडे ठेवायची नाही.

मेमरीत पडून राहिलेली प्रत ही प्रतच. आणि ती पुसण्याची आज्ञा प्रोग्राममध्ये स्वच्छ लिहिलेली असूनही तयार मशीनमध्ये ती आज्ञाच शिल्लक नसते, असे घडू शकते. जगभरच्या नावाजलेल्या प्रोग्राममध्ये ते घडलेले आहे.

एक लहानसे उदाहरण घेऊ. सी भाषेत लिहिलेले एक फंक्शन आहे. ते स्टॅकवर ३२ बाइटांची जागा घेते, तिथे गुप्त किल्ली आणते, त्या किल्लीने मजकूर एन्क्रिप्ट करते आणि परतण्यापूर्वी ‘मेमसेट’ वापरून ३२ही बाइटांत शून्य भरते. कोड तपासणाऱ्याला शेवटच्या दोन ओळी स्पष्ट दिसतात: शून्य भरा, परत जा. आता हा कोड जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरला ऑप्टिमायझेशन बंद ठेवून द्यावा आणि तयार झालेल्या मशीन-सूचना उघडून पाहाव्यात. शून्य भरण्याचे काम जागेवर असते. मग तोच कोड ‘ओ-टू’ पातळीवर द्यावा. ग्राहकाच्या हाती जाणारे सॉफ्टवेअर बहुधा याच किंवा अशाच पातळीवर तयार होते. या खेपेला एन्क्रिप्शनची हाक दिसते, तिच्यामागे स्टॅकची जागा मोकळी करणारी सूचना दिसते आणि लगेच परतण्याची सूचना येते. शून्य भरणारे काहीच मध्ये नसते. कंपायलर चूक दाखवत नाही, इशाराही देत नाही. किल्ली स्टॅकवर जशीच्या तशी पडून राहते आणि दुसरे एखादे फंक्शन त्या जागेवर काही लिहीपर्यंत तिथेच असते.

कंपायलरने नियम मोडला, असे इथे म्हणता येत नाही. सी भाषेचे प्रमाण त्याच्याकडून एवढेच मागते की, प्रोग्रामचे बाहेरून दिसणारे वागणे बदलता कामा नये: काय छापले गेले, कोणत्या फाइलीत काय लिहिले गेले, ‘व्होलाटाइल’ म्हणून घोषित केलेल्या जागांना कसा हात लागला. फंक्शन संपताना त्याची स्थानिक जागा भाषेच्या लेखी संपतेच. मरणाऱ्या जागेत कुणीही न वाचणारे शून्य लिहिणे म्हणजे फुकटचे काम, म्हणून ते गाळले जाते. या प्रक्रियेला ‘डेड स्टोअर एलिमिनेशन’ म्हणतात. ‘मॅलॉक’ने घेतलेली जागा ‘फ्री’ करण्याआधी पुसली तरी तिचीही हीच गत होऊ शकते, कारण ‘फ्री’ म्हणजे काय हे कंपायलरला ठाऊक असते.

या हिशेबाच्या मुळाशी ‘लाइव्हनेस’ नावाचे विश्लेषण असते: अमुक ठिकाणी असलेली किंमत पुढे कुणी वाचण्याची शक्यता आहे का? आपल्याकडे हा विषय फार खोलवर जाऊन अभ्यासला गेला आहे. आयआयटी मुंबईतल्या उदय खेडकर आणि अमिताभ सन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला ‘डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस’ हा ग्रंथ २००९ साली निघाला. त्याआधी २००७ मध्ये खेडकर आणि सन्याल यांनी अमेय करकरे यांच्यासह हीप मेमरीवर एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. प्रोग्राम ज्या वस्तूपर्यंत अजून पोहोचू शकतो, पण जिला पुन्हा कधीच हात लावणार नाही, अशी वस्तू ओळखून ती लवकर सोडून देता येईल का, हा त्याचा विषय. मेमरी वाचवणे हा तिथला हेतू होता. पण गुपितांच्या दृष्टीने पाहिले तर नेमकी हीच माहिती धोक्याची असते, कारण तिचे काम संपलेले असते आणि ती तरीही जागेवर असते. आयआयटी मुंबईत जीसीसी रिसोर्स सेंटरही उभे राहिले, म्हणजे कंपायलर आतून जाणणारी माणसे देशात आहेत. या कामासाठी परदेशी सल्लागार शोधत बसण्याची गरज नाही.

प्रश्न नवाही नाही. २००२ साली मायक्रोसॉफ्टच्या मायकेल हॉवर्ड यांनी जाहीरपणे लिहिले की, पासवर्ड पुसणारी मेमसेटची ओळ कंपायलर काढून टाकतो. त्यानंतर विंडोजमध्ये ‘सिक्युअरझिरोमेमरी’ आले. त्याच वर्षी जीसीसीच्या चमूकडेही अशीच तक्रार गेली, पण कंपायलर बदलला नाही, कारण प्रमाणानुसार तो बरोबरच वागत होता. प्रोग्रामर मग आडवाटा शोधू लागले. पुसणारे फंक्शन वेगळ्या फाइलीत ठेवायचे, म्हणजे कंपायलरला आतले दिसणार नाही, ही एक वाट. पुढे लिंक करताना सगळा प्रोग्राम एकत्र पाहणारे ऑप्टिमायझेशन आले आणि तिचा भरवसा उरला नाही. पॉइंटरला ‘व्होलाटाइल’ म्हणवून घेण्याची दुसरी वाट बहुतेक कंपायलर मानतात, पण मूळ जागाच व्होलाटाइल नसेल तर त्याला प्रमाणाचा आधार कितपत आहे, यावर बरीच वर्षे वाद चालला. २०११च्या सी प्रमाणात ‘मेमसेट-एस’ आले, तेही ऐच्छिक परिशिष्टात. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीलिबसी या सी लायब्ररीने ते घेतलेच नाही.

सर्वांत बोलका दाखला २०१४ मधला. लिनक्स कर्नलमध्ये यादृच्छिक आकडे तयार करणारा भाग आहे, ज्यावर सगळ्या किल्ल्यांची भिस्त असते. तिथली तात्पुरती जागा पुसणारा मेमसेट कंपायलर गाळून टाकू शकतो हे लक्षात आले आणि ‘मेमझिरो-एक्सप्लिसिट’ नावाचे नवे फंक्शन कर्नलमध्ये घालावे लागले. जगातला बहुधा सर्वांत जास्त डोळ्यांखालून गेलेला कोड तो. ओपनबीएसडीने त्याच वर्षी ‘एक्सप्लिसिट-बीझिरो’ आणले, जीलिबसीने २०१७ मध्ये. २०१७ सालीच युसनिक्सच्या सुरक्षा परिषदेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांना पुन्हा सांगावे लागले की, हा दोष अजूनही जिवंत आहे आणि प्रोग्रामरांनी योजलेले अनेक उपाय कच्चे आहेत. सी भाषेच्या प्रमाणात सक्तीचा म्हणावा असा उपाय, ‘मेमसेट-एक्सप्लिसिट’, यायला सी-२३ उजाडावे लागले. ते प्रमाण छापून आले २०२४ मध्ये.

खकनारच्या कियोस्कवरचे स्कॅनर आणि रेशन दुकानातली पीओएस मशीन या सगळ्या इतिहासाच्या मधल्या काळात तयार झाली आहेत.

योग्य फंक्शन वापरले तरी काम संपत नाही, हेही मान्य केले पाहिजे. किल्लीचा तुकडा प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये राहू शकतो; रजिस्टर कमी पडली तर कंपायलर तो स्टॅकवरच्या अशा जागी ठेवतो, जिचे प्रोग्राममध्ये नावच नसते. सुरक्षातज्ज्ञ कॉलिन पर्सिव्हल यांनी २०१४ मध्ये हेच दाखवून दिले की, बफर पुसणे पुरेसे नाही. जावा किंवा कोटलिनमध्ये लिहिलेल्या मोबाइल अ‍ॅपचा प्रश्न आणखी वेगळा. तिथे स्ट्रिंग एकदा तयार झाली की बदलता येत नाही, म्हणून पुसताही येत नाही. गार्बेज कलेक्टर वस्तू एका जागेवरून दुसरीकडे हलवतो आणि जुन्या जागेवर प्रत मागे राहू शकते. पासवर्डसाठी स्ट्रिंगऐवजी अक्षरांचा अ‍ॅरे वापरा, असे जावाच्या दस्तऐवजात फार पूर्वीपासून सांगितले आहे, ते याच कारणाने. म्हणून उघडे चित्र आणि किल्ली अशा भाषेत लिहिलेल्या भागापर्यंत पोहोचूच नयेत. ‘एल-वन’चा खरा फायदा हाच आहे. मात्र ‘एल-वन’च्या आतले फर्मवेअरसुद्धा कुठल्या ना कुठल्या कंपायलरमधूनच बाहेर पडते.

किल्लीबद्दल थोडे अधिक. बोटाचे पुडके ज्या एईएस किल्लीने बंद होते ती दर व्यवहाराला नवी असते आणि प्राधिकरणाच्या आरएसए किल्लीने झाकून पाठवली जाते. प्रमाणीकरणाच्या तांत्रिक दस्तऐवजात बजावले आहे की, ही किल्ली मेमरीखेरीज कुठेही साठवू नये आणि पुन्हा वापरू नये. ‘मेमरीखेरीज’ ही सूट अपरिहार्य आहे, पण ती किती वेळापुरती, हे ठरायला हवे. वाटेत पकडून ठेवलेले पुडके आणि मेमरीत उरलेली किल्ली एकत्र आली तर एन्क्रिप्शनचा उपयोग राहत नाही.

कुणी म्हणेल, ज्याला मोबाइलची मेमरी वाचता येते त्याने मोबाइलच ताब्यात घेतलेला असतो. तो पुढचा अंगठा थेट चोरेल, मागचा शोधत कशाला बसेल? हा आक्षेप अर्धाच खरा आहे. २०१४ मध्ये उघड झालेल्या ‘हार्टब्लीड’ दोषात हल्लेखोराने सर्व्हर ताब्यात घेतलेला नव्हता. ओपनएसएसएलच्या एका चुकीमुळे दर विनंतीला ६४ किलोबाइटपर्यंत मेमरी बाहेर झिरपत होती, आणि तिथे जे पुसायचे राहिले होते ते बाहेर पडत होते. प्रोग्राम कोसळला की त्याची मेमरी क्रॅश डंप म्हणून फाइलीत उतरते आणि दुरुस्तीसाठी भलत्याच हातांत जाते. २००८ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवले की, वीज गेल्यावरही डीरॅममधली माहिती काही सेकंद ते काही मिनिटे टिकते. चिप उणे ५० अंशांपर्यंत थंड केली तर दहा मिनिटांनीही एक टक्क्याहून कमी बिट बिघडतात. आणि मेमरी चाळून माल उचलणारे चोर काल्पनिक नाहीत. २०१३ साली अमेरिकेतल्या टार्गेट दुकानांच्या पीओएस मशीनमध्ये शिरलेला मालवेअर नेमके तेच करत होता: कार्डाचा तपशील क्षणभर मेमरीत उघडा येई, तो तिथून उचलला जाई. जवळपास चार कोटी कार्डांची माहिती त्यात गेली.

त्या चार कोटी लोकांना नवी कार्डे मिळू शकली. अंगठा नवा मिळत नाही. तेलंगणात २०१८ मध्ये जमीन-नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून सिमकार्डे सुरू केल्याचे प्रकरण पोलिसांनी उघड केले. नंतर अशाच ठशांचे सिलिकॉनचे साचे करून आधारच्या आधाराने खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे ठिकठिकाणी नोंदवले गेले. प्राधिकरणाने २०२३ मध्ये बोट जिवंत आहे का हे ताडणारी नवी तपासणी सुरू केली ती यामुळेच. या घटनांत ठसे कागदावरून गेले, मेमरीतून नव्हे. पण चोरलेल्या ठशाला बाजारात किंमत आहे, एवढे त्यांनी सिद्ध केले.

न्यायालय आणि संसद दोघांनीही ‘किती काळ ठेवायचे’ या प्रश्नाची दखल घेतली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात प्रमाणीकरणाच्या नोंदी सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायला मनाई केली. त्याआधी त्या पाच वर्षे जपण्याची तरतूद होती. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ८ मध्ये हेतू संपल्यावर माहिती पुसण्याचे बंधन आहे, आणि सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. या सगळ्या चर्चेत ‘माहिती’ म्हणजे सर्व्हरवरची नोंद, असेच डोळ्यांसमोर असते. वर्षांचा आणि महिन्यांचा हिशेब झाला, सेकंदांचा राहिला. तो हिशेब कुठल्या वकिलाला मांडता येणार नाही, तो प्रयोगशाळेतच होऊ शकतो, आणि प्रयोगशाळा आपल्याकडे आहे.

म्हणून मागणी अशी की, पुसण्याची खात्री सोर्स कोड वाचून केली जाऊ नये. ग्राहकाच्या हाती जाणाऱ्या बायनरीवर आणि फर्मवेअरवर व्हावी. चाचणीसाठी केलेली ‘डीबग’ आवृत्ती इथे कामाची नाही, कारण तिच्यात ऑप्टिमायझेशन बहुधा बंद असते आणि नेमका हाच दोष तिच्यात दिसत नाही. पद्धत जगाला माहीत आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००४ मध्ये संपूर्ण संगणकाचे अनुकरण करून मोझिला, अपाची, पर्ल आणि ईमॅक्स यांच्यातून पासवर्ड कुठे कुठे पसरतो, याचा माग काढला होता. स्कॅनरसाठी इतकेही नको. आधी माहीत असलेला चाचणीचा ठसा आणि आधी माहीत असलेली किल्ली द्यावी, व्यवहार पूर्ण करावा, मेमरीची प्रतिमा घ्यावी आणि तिच्यात चित्र, बिंदूंचा साचा, बेस-६४ मजकूर आणि किल्ली यांचा बाइटगणिक शोध घ्यावा. सापडले तर प्रमाणपत्र देऊ नये. उत्पादकाने कंपायलरचे नाव, आवृत्ती आणि ऑप्टिमायझेशनची पातळी अर्जात लिहून द्यावी, आणि यांपैकी काहीही बदलले तर चाचणी पुन्हा व्हावी. कोडमध्ये काहीही न बदलता केवळ नव्या कंपायलरमुळे पुसण्याची ओळ गाळली जाऊ शकते. खर्चाचे कारण कुणी पुढे करू नये. शेकडो किलोबाइट शून्याने भरायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

आणि चाचणी फक्त यशस्वी व्यवहाराची घेऊ नये. नेटवर्क गेले, मध्येच केबल निघाली, बोट लवकर उचलले गेले, चित्र पुसट आले, जुळणी झाली नाही, वेळ संपली: अशा प्रत्येक वेळी प्रोग्राम नेहमीची वाट सोडून मधूनच बाहेर पडतो आणि शेवटी लिहिलेली पुसण्याची ओळ कंपायलरने राखली असली तरी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. कापूस वेचून रेषा झिजलेल्या बाईच्या वाट्याला हीच वाट पुन्हा पुन्हा येते. ज्याचा अंगठा पहिल्याच खेपेला जुळतो त्याचे एकच चित्र मशीन पाहते. तिची दोन-दोन बोटांची कितीतरी चित्रे घेते. तेव्हा फसलेल्या प्रयत्नांची चाचणी आधी घ्यावी, आणि तिचा निकाल उपकरणाच्या प्रमाणपत्रासोबत हिंदीत व राज्यभाषांत जाहीर करावा, म्हणजे कियोस्कवाल्यालाही नवे मशीन घेताना तो पाहता येईल.

कळावे.

आपला नम्र,
खकनार परिसरातील एक प्रोग्रामर
(जि. बऱ्हाणपूर, मध्य प्रदेश)